जुनं डिस्को मिक्स करायला बसलायस तर आधी हे ऐक

अरे भावा, सिंकचं (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) बटण दाबूनही जुनं डिस्को हाउसवर (डिस्कोतूनच निघालेलं, ड्रम मशीनवरचं डान्स म्युझिक) बसत नाही म्हणून वैतागू नकोस, दोष तुझा नाहीये. ७०च्या दशकातली बरीचशी गाणी हाडामांसाच्या ड्रमरने वाजवलीयत, त्यामुळे ११६ बीपीएमला (मिनिटाला ११६ ठोके) सुरू झालेलं गाणं कोरसला हळूच ११८ होतं आणि तुझा हाउस ट्रॅक आपला ठोकळ्यासारखा सरळ चालत राहतो. मीपण पहिल्याच पार्टीत आपटलोय, दोन गाण्यांच्या किक (मोठ्या ड्रमचे धप्प ठोके) घोडं दौडल्यासारख्या वाजायला लागल्या आणि पब्लिक सरळ जेवणाकडे.

पण मजा तिथंच आहे ना. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगचं ड्रमिंग ऐक, चारही ठोक्यांवर किक आणि दोन ठोक्यांच्या बरोब्बर मध्ये हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) उघडतं, त्स्स! हाउसवाल्यांनी पुढे हेच ड्रम मशीनवर घेतलं, तेही शिकागोत, जिथं १९७९ला स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवल्या होत्या (काय तो राग!).

आणि बेस. शिक बँडच्या 'गुड टाइम्स'मध्ये बर्नार्ड एडवर्ड्स काय वाजवतो ते हेडफोन लावून ऐक, बाकी सगळं विसर. तीन ठोके सारखे देतो नि मग जी जागा मोकळी सोडतो ना, कंबर तिथंच हलते.

शक्यतो १२ इंची व्हर्जन (मोठ्या रेकॉर्डवरचं लांबलचक) शोध, रेडिओवालं नको. त्यात बऱ्याचदा सुरुवातीला नुसते ड्रम असतात, त्यातल्या आठ ठोक्यांचा लूप लाव (तेच पुन्हा पुन्हा वाजू दे), पिच म्हणजे गाण्याचा वेग हातानेच सांभाळ, आणि गाणारा तोंड उघडायच्या आत आधीचा ट्रॅक काढून टाक.