गंगापूर धरणात आणि कधीमधी समुद्रावर न्यायला छोटी फायबरची शिडाची बोट घ्यायची आहे. कील (तळाखालचं जड पातं, जे बोट उलटू देत नाही) पक्की असावी की वर उचलता येणारी?

नाशिकमध्ये राहत असाल तर उचलता येणारीच घ्या. मे महिन्यात गंगापूरचं पाणी खाली जातं, काठ उघडे पडतात, आणि पक्क्या कीलची बोट तिथून ट्रेलरवर चढवणं फार त्रासाचं.

उदाहरणादाखल कॅटलिना २२ पाहा. अमेरिकेत फ्रँक बटलर यांनी १९६९च्या सुमारास आणलेली ही बोट साडेएकवीस फुटांची. तिची ओतीव लोखंडाची कील वर घेतली की बोट दोन फूट पाण्यात तरंगते. कील खाली सोडली की पाच फूट पाणी लागतं. तिचंच पक्क्या कीलचं मॉडेल कायम साडेतीन फूट पाणी मागतं. समोरून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध चढताना मात्र पक्की कील निर्धास्त, देखभालही कमी.

कील उचलणारी जुनी बोट घेताना तिचा बिजागरीचा खिळा, तारेचा दोर आणि विंच (तो दोर गुंडाळून कील उचलणारं यंत्र) आधी तपासा. तार तुटली तर जड लोखंड खाली आपटतं आणि बोटीचा तळ फुटू शकतो. हे तपासल्याशिवाय पैसे देऊच नका.

मग डेकवर चालून बघा. वरखाली फायबर आणि मध्ये लाकूड असतं; पाय दबला तर आत पाणी मुरलंय. दुरुस्ती महाग पडते.

केबिनमध्ये बसता-झोपता येतं, उभं राहता येत नाही. दोघांना शनिवार-रविवारपुरतं ते पुरतं. डोलकाठी तळाशी बिजागरीवर आडवी होणारी हवी, नाहीतर कसारा घाटातून मुंबईला नेणार कशी?