उत्तर : ऑडिओग्राम नॉर्मल, तरी कान वाजतो? दिवसभर प्लग घालू नका

नरकासुराच्या रात्री (गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री) डीजेच्या बॉक्सांपुढे घालवलेले काही तास, सकाळी कानांना बसलेले दडे, दडे सुटले तरी मागे राहिलेली बारीक शीळ, ताट आपटलं की कानातून जाणारी कळ, आणि वर ऑडिओग्रामच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाच्या) ‘नॉर्मल’ रिपोर्टसोबत ‘दिवसभर इअरप्लग घाला’ हा सल्ला. तुमची पोस्ट वाचून माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, चक्कर असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर इथे वेळ घालवू नका, आजच ईएनटीकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा जो काही उपयोग होतो, तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत.

आता ते प्लग. मलाही एका क्लिनिकात (नाव घेत नाही) हाच सल्ला मिळाला होता, आणि मूळ दुखण्यापेक्षा तो महाग पडला. मोठ्या आवाजानंतर पहिला एक-दोन दिवस शांतता ठेवणं ठीक. पुढे मात्र दिवसभर कान बंद ठेवले की मेंदूला कानाकडून येणारा सिग्नल कमी पडतो आणि तो आतला व्हॉल्यूम वाढवत नेतो. त्यामुळे शीळ ठळक होते आणि साधे आवाज टोचू लागतात. 2003 साली फॉर्मबी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे प्लग घालायला लावले, तर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानात हलका खरखराट सोडला होता, त्यांची सहनशक्ती उलट वाढली. धडधाकट कानांचं हे होतं, तर आपलं काय होणार?

‘नॉर्मल’ या शिक्क्याबद्दलही थोडं. नेहमीचा ऑडिओग्राम 8000 हर्ट्झपर्यंतच तपासतो, तोही मोजक्या सुरांवर. आवाजाचा पहिला फटका बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो, म्हणून आलेखात 4000 जवळ लहानसा खड्डा आहे का ते स्वतः बघा. 20 डेसिबलपर्यंतची घट सगळीच ‘नॉर्मल’मध्ये जाते. 3000 आणि 6000 वगळलेले असतील तर ते करून घ्या, जमल्यास 10 ते 16 हजारांची वरची चाचणीही. शिवाय कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी 2009 मध्ये उंदरांत दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशी (आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) शाबूत राहिल्या, तरी नसेशी असलेले त्यांचे बरेचसे जोड कायमचे तुटू शकतात. जिवंत माणसात हे नेमकं मोजणारी चाचणी अजून नाही. तेव्हा ‘रिपोर्ट चांगला, म्हणजे सगळं मनाचं’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

एक आडवी टीप : तपासणीतले आवाजही त्रास देतात. रिफ्लेक्स टेस्टमध्ये (मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आखडतो का, ते बघणाऱ्या चाचणीत) 100 डेसिबलच्या आसपासचे सूर सोडतात. कळ जात असेल तर ती टाळायला आधीच सांगा. मळ काढायचं सक्शनही कानात बरंच मोठं वाजतं. एमआरआय सांगितलाच तर प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही मागा.

प्लग घालायचे ते खऱ्या गोंगाटात. 85 डेसिबलला आठ तास ही अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला फक्त पंधरा मिनिटं. बॉक्सांपुढे 100 सहज होतात. कापसाचे बोळे निरुपयोगी. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर बसलेला नाही. आवाज किती डेसिबल कमी होतो म्हणून पाकिटावर छापलेल्या 33 या आकड्यावर जाऊ नका. त्यातून 7 वजा करून निम्मे करा, हाती 13 येतात.

बाकी दिवसभर खोलीत हलका आवाज असू द्या : पंखा, पाऊस, मोबाइलवरचा खरखराट. पातळी शिळेपेक्षा खाली, शीळ ऐकू येत राहील इतपत. पूर्ण बुडवू नका. रात्रीही चालू ठेवा. मग रोजचे आवाज परत घ्यायचे. सकाळचा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आधी बंद खिडकीतून, मग उघड्या खिडकीतून, मग दारात उभं राहून. दुसऱ्या दिवशीही कळ राहिली तर एक पायरी मागे या. हे काम महिन्यांचं आहे. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका (माझं ठाम मत, आणि 2014 च्या अमेरिकी ईएनटी मार्गदर्शिकेचंही). झोप उडाली असेल तर सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती) करणारा समुपदेशक शोधा. शिळेचा जाच कमी करण्यात सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच आहे.

आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत, म्हणजे गोवाभर, तो किती पाळतात, ते आपण दरवर्षी बघतोच. त्या भरवशावर बॉक्सांपुढे जाऊ नका.

चतुर्थीची आरती मात्र सोडू नका. घुमट, शामेळ आणि कासाळं ही वाद्यं बंद खोलीत फार चढतात, म्हणून माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली) न बसता ओसरीवर बसा, 15 डेसिबलचे फिल्टरवाले प्लग घाला (त्यांतून सूर कळतो, फोममधून गढूळ येतो) आणि आरती संपली की लगेच काढा.