जळगावच्या १० बाय १२ च्या खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करताना आवाज घुमतो, अंड्यांचे ट्रे लावू का?

ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा वरचा थोडासा आवाज शोषतो, ढोलकीचा घुमारा जागच्या जागी राहतो. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर फुगतो, तो शोषायला जाड थरच लागतो.

आधी रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरचं टेबल हलवा, त्याला पैसे लागत नाहीत. स्पीकर १० फुटांच्या भिंतीजवळ, तोंड तुमच्याकडे, डावी-उजवीकडे सारखं अंतर ठेवून. तुमचं डोकं त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणि दोन स्पीकर व डोकं यांचा समभुज त्रिकोण. मग खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे आवाज शोषणारं पॅनल लावा. तसंच छतालाही.

पॅनलसाठी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) उत्तम, पण आपल्या खानदेशात कापसाला काय तोटा! गादीवाल्याकडून पिंजून आणा, २ बाय ४ फुटांच्या, ४ इंच खोल लाकडी चौकटीत भरा. खाली बसू नये म्हणून मध्ये टाके घाला. वरचं कापड असं घ्या की फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन अजिबात नको. भिंतीपासून ३-४ इंच सोडून टांगा. कोपऱ्यांत याहून जाड, जमिनीपासून छतापर्यंत. कापूस पेट घेतो, त्यामुळे वायरी आणि दिवे लांब ठेवा.

यानं रस्त्यावरचा आवाज मात्र थांबणार नाही. उन्हाळ्यात कूलर बंद करून गायचं तर पहाटेच बसा.