इंदूरहून मालदीवच्या डायविंग बोटीवर आठवडाभर जायचं तर तयारी काय लागते?

तुम्ही लिहिलंय की अंदमानात डायविंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स झालाय, दहाएक डाइव्ह झाल्यात, बोट लागून मळमळतं, घरचं जेवण शाकाहारी आहे, आणि मालदीवच्या सात रात्रींच्या लाइव्हअबोर्डचे, म्हणजे राहायच्या डायविंग बोटीचे पैसे भरायचे की नाही ते ठरत नाहीये. मीही इंदूरचीच, रामबागेतली. अशा बोटींवर राहून आलेय, म्हणून स्पष्ट सांगते: जाच, पण या हंगामात नको.

कारण तिथल्या पाण्याची ओढ. मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं, प्रवाळांच्या २६ कंकणांत विखुरलेली. कंकणाच्या आत उथळ, शांत पाणी, बाहेर लगेच खोल समुद्र, आणि दोन्हींना जोडणाऱ्या अरुंद वाटा. त्यांना तिथे कांडू म्हणतात. भरतीचं सगळं पाणी त्या वाटांतून आत घुसतं आणि शार्क नेमके त्यांच्या तोंडाशी थांबतात. म्हणजे जे बघायला जायचं, ते सगळ्यात जास्त ओढीच्या जागी. धोणीवरून, म्हणजे डाइव्हला नेणाऱ्या छोट्या बोटीवरून, उडी मारली की वर रेंगाळायला सवड नसते. झपाट्याने पंचवीस-तीस मीटरच्या कड्यापर्यंत उतरायचं, मेलेल्या प्रवाळाच्या खडकात रीफ हुक, म्हणजे दोरीचा आकडा, अडकवायचा, तरंगायच्या जॅकेटमध्ये किंचित हवा भरायची आणि दोरीवर पतंगासारखं तरंगत राहायचं. बुडबुडे वर जायच्या ऐवजी कानांजवळून आडवे मागे पळतात. मान जास्त वळवली तर पाण्याच्या रेट्याने मास्क सरकतो. समोर ग्रे रीफ शार्क त्याच प्रवाहात शेपटी जेमतेम हलवत उभे असतात. २०१० मध्ये मालदीवने शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली होती. तो देखावा मी जन्मभर विसरणार नाही. पण तो बघताना हवेचं गेज, खोली-वेळ दाखवणारा मनगटी कॉम्प्युटर आणि जोडीदार या तिन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं. दहा डाइव्ह झालेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःला सावरण्यातच जातं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

शिवाय ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे, तिथल्या कायद्याची ३० मीटर. बऱ्याच बोटी अॅडव्हान्स्ड कोर्स आणि तीस-पन्नास डाइव्हची नोंद मागतात. बुकिंग घेणारा कधी कधी डोळेझाक करतो, तुम्ही करू नका. या हिवाळ्यात पुन्हा स्वराज द्वीपला, म्हणजे आपल्या जुन्या हॅवलॉकला जा. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल तिथला हंगाम. रोज किनाऱ्यावरून निघणाऱ्या बोटीने डाइव्ह करा, तिथेच अॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (सिलिंडरमधली जास्त ऑक्सिजनची हवा) हे दोन्ही कोर्स उरका. पाच मीटरवर तीन मिनिटं, दोर न धरता, हात न मारता एका जागी थांबता यायला लागलं की मालदीवचे पैसे भरा.

नायट्रॉक्सबद्दल आग्रहाने का सांगते? दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, ऊतींत विरघळत जातो. किनाऱ्यावर राहून दिवसाला दोन डाइव्ह केल्या तर रात्रभरात तो बराचसा निघून जातो. बोटीवर दिवसाला तीन, कधी रात्रीची धरून चार डाइव्ह होतात, तेही सलग पाच-सहा दिवस. शिल्लक साठत जाते, आणि वर येताना त्याचे अंगात बुडबुडे होऊन त्रास होण्याचा धोका वाढतो. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन साधारण ३२ टक्के असतो, म्हणजे नायट्रोजन तेवढा कमी. मात्र ते घेऊन चौतीस मीटरच्या आसपासच्या मर्यादेखाली जायचं नाही, तिथे ऑक्सिजनच घातक ठरू लागतो. आणि आठवड्याच्या मध्यावर एक दुपारची डाइव्ह सोडून सरळ झोपा. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक डाइव्ह करायचीच हा हट्ट मला अजिबात पटत नाही. माझ्या पाहण्यात लोकांचा आठवडा वाया जातो तो शार्कमुळे नव्हे, कानामुळे. सर्दी असेल तर उतरायचं नाही. पहिल्या तीन-चार मीटरांत दर हातभर खाली गेल्यावर नाक दाबून कान मोकळे करायचे, दुखायच्या आधीच. वर आल्यावर कान गोड्या पाण्याने धुवायचे आणि त्यात काडी घालायची नाही.

बोट लागण्याचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल निवडा, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. रात्री बोट बहुतेक कंकणाच्या आतच नांगरते, हलते ती एका कंकणाकडून दुसऱ्याकडे जाताना. खोली खालच्या मजल्यावर, मधोमध मागून घ्या. अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधी घरीच घेऊन बघा. तिने खूप झोप येत असेल तर ती घेऊन पाण्यात उतरायचं नाही.

याच महिन्यांत प्रवाह ईशान्येकडून येतो. त्यामुळे पूर्वेकडच्या वाटांत पाणी स्वच्छ आणि शार्क जास्त, तर प्लवक वाहत जातं त्या पश्चिमेकडे मान्टा रे हे मोठे चपटे मासे. हानिफारू उपसागरातली मान्टांची जत्रा मात्र जून ते नोव्हेंबरची, आणि तिथे सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल.

बोट निवडताना फोटोंपेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे. खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? रात्री पहाऱ्यावर कोणी जागं असतं का? कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात? २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायविंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसं गेली. रात्री फिरता पहारा नव्हता, असं चौकशीत निघालं. या प्रश्नांवर बोटवाला उडवाउडवी करायला लागला तर स्वस्तातली जागासुद्धा सोडून द्या. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः चालून बघा.

परतीचं विमान ठरवताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या, मी चोवीस धरते. इंदूरहून मुंबई किंवा बंगळुरूमार्गे जाणार असाल तर सगळी तिकिटं त्या हिशेबाने काढा. विमा डायविंगचा वेगळा हवा. साध्या प्रवास विम्यात प्रेशर चेंबरचा, म्हणजे नायट्रोजनच्या त्रासावर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा खर्च धरलाय का, ते अटी वाचून बघा.

जेवणाची काळजी नको. बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं लेखी कळवा. डाळ-भात, भाज्या, फळं मिळतात, आणि तिथली रोशी म्हणजे जवळपास आपली पोळीच. नाश्त्याचा मासहुनी विचारून घ्या, नारळ-कांद्याच्या त्या मिश्रणात टूना मासा असतो. आणि एक लवंगी शेवेचं पाकीट बॅगेत राहू द्या, रात्रीच्या डाइव्हनंतर भूक सपाटून लागते.