सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा कोळशावरचा वीज प्रकल्प दिवसा बंद ठेवून फक्त संध्याकाळी का चालवत नाहीत?

कारण थंड पडलेला ६६० मेगावॅटचा संच (भट्टी, टर्बाइन आणि जनित्र मिळून) पुन्हा पूर्ण भारावर, म्हणजे पूर्ण वीजनिर्मितीवर, यायला बरेच तास लागतात. वाफेचं तापमान ५५० अंश सेल्सियसच्या वर जातं. वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनचा रोटर (पाती बसवलेला फिरता दांडा) आणि त्याचं जाड आवरण घाईने तापवलं तर दोन्ही सारखं प्रसरण पावत नाहीत, पाती घासतात, धातूला तडे जातात. म्हणून दुपारी सौर वीज भरपूर असली तरी इथल्या दोन संचांचा (मिळून १३२० मेगावॅट) ते बंद न करता भार उतरवणंच शहाणपणाचं. किमान मर्यादा क्षमतेच्या ५५ टक्के, म्हणजे संचामागे ३६३ मेगावॅट. भार फारच उतरवला तर भट्टीतली ज्वाला डळमळते, ती टिकवायला तेल जाळावं लागतं आणि ते महाग पडतं. मात्र काही तासांपुरताच बंद केलेला, अजून गरम असलेला संच बराच लवकर भार घेतो.