रात्रीच्या चौथ्या भागाची किंमत

प्रश्न : मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, अधूनमधून परकर. रात्री साडेनऊला भांडी झाली की मोबाईलवर मालिका लावते. एकच भाग बघायचा म्हणत चार होतात, एक वाजतो. परवा आमच्या ह्यांनी पोराच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला : रोज साडेतीन तास म्हणजे एक ब्लाउज, म्हणजे 300 रुपये. महिन्याला 9,000, वर्षाला 1,08,000. वर म्हणतात, "एवढ्यात गंठण झालं असतं की गं. काय बघालीस एवढं?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच मी वर्षाला लाखभर रुपये घालवते का? त्यात कन्नड मालिकाही असतात. गोकाककडच्या गिऱ्हाइकांशी आता बऱ्यापैकी कन्नड बोलते, ते त्या मालिकांमुळेच.

ता. क. गेल्या शुक्रवारी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, यजमानांचा गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकलाय. 31 वर्षं पतसंस्थेत खतावणी लिहिली मी. हा प्रकार माझ्या चांगला ओळखीचा आहे.

एक तर 300 रुपये ही सगळी तुमची मजुरी नव्हे. अस्तर, दोरा, हूक तुमचे असतील तर ते वजा करा. दुसरं म्हणजे रोज एक जादा ब्लाउज शिवायचा तर रोज एक जादा गिऱ्हाईकही दारात यायला हवं. तुळशीच्या लग्नानंतर ते येतं. आषाढात येतं काय? लगीनसराईत तुम्ही "आता जमायचं नाही" म्हणून कापड परत पाठवत असाल, तर तेवढ्या दिवसांपुरते यजमान बरोबर. एरवी ते जे पैसे गेले म्हणताहेत, ते यायचेच नव्हते. आणि रात्री बाराला मशीन चालवलंत तर सगळ्यात आधी तेच ओरडतील.

अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. व्हिएन्नाच्या फ्रीडरिख फॉन वीझर यांचं नाव या कल्पनेशी जोडलेलं आहे. एक गोष्ट करताना जी दुसरी सगळ्यात चांगली गोष्ट सोडून दिली, ती पहिलीची किंमत. मात्र ती दुसरी गोष्ट खरोखर हाताशी असायला हवी. शिवाय ती एकच धरायची. ब्लाउज गेला, झोप गेली, गंठणही गेलं अशी बेरीज करायची नाही, कारण ते साडेतीन तास तुम्ही एकदाच खर्च केलेत.

आता तुमची रात्र घ्या. साडेनऊला दिवसभराचे हात दमलेले, सुईत दोरा ओवायला डोळे तयार नाहीत. त्या वेळी तुम्ही दुसरं काय करणार होतात? पहिला भाग जवळजवळ फुकटच पडला, खुशाल बघा. दुसऱ्याचंही मी फारसं मनावर घेणार नाही. साडेअकरानंतर मात्र समोर झोप उभी असते. तिसरा आणि चौथा भाग तुम्ही झोप देऊन विकत घेता. रिचार्ज महिन्याचं एकदाच भरलेलं, म्हणून पुढचा भाग फुकटचा वाटतो इतकंच.

त्याचं बिल तुमच्या ताज्या कलमात आहे. मी स्वतः शिवत नाही, पण आमच्या आत्याच्या मशीनशेजारी बसून वाढले. कापड दुहेरी घालून बाही कापली की डावी-उजवी आपोआप निघते. खणासारखं अरुंद कापड असलं, किंवा तुकडा कमी पडला, की एकेक बाही वेगळी कापावी लागते, आणि दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना उलटा ठेवायचा असतो. एवढीशी गोष्ट, पण अर्धवट झोपलेला हात नमुना आहे तसाच पुन्हा ठेवतो. साडीतलाच ब्लाउजपीस असेल तर तसं दुसरं कापड शहापुरात काय, कुठंच मिळायचं नाही. यजमानांनी रोज न शिवलेले ब्लाउज मोजले. वाया गेलेला हा एक त्यांच्या वहीत नाही. कन्नडही नाही, आणि ते जमेच्या बाजूला हवं होतं. गिऱ्हाईक टिकतं त्याने.

माझंही सांगते. 2020च्या टाळेबंदीत मी पहाटे तीनपर्यंत पोलीस तपासाच्या मालिका बघायचे. तेव्हा त्याचा खर्च काहीच नव्हता. सकाळी उठून जायचं कुठं? पतसंस्था उघडली, बाजार सुरू झाला, पण जागरणाची सवय तशीच राहिली. त्याच सवयीची किंमत वाढलेली मला कळलीच नाही. दोन वेळा रोजकीर्दीत जमा-नावे उलटं लिहिलं तेव्हा कळलं.

दोष सगळा तुमचा नाही. दूरदर्शनवर 13 भागांची मालिका आठवड्याला एक भाग करत तीन महिने पुरायची. नेटफ्लिक्सने 1 फेब्रुवारी 2013 ला एका मालिकेचे 13च्या 13 भाग एकाच दिवशी खुले केले. त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज 2017 मध्ये उघड म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो, तुम्हाला हो म्हणावं लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते 'ऑटोप्ले' बंद करा, पोराला सांगितलंत तर मिनिटात करून देईल. मग तिसऱ्या भागासाठी निदान बोट तरी हलवावं लागेल.

यजमानांना सांगा, वही चांगली आहे, पुढचं पान कट्ट्यावरच्या संध्याकाळींसाठी ठेवा. भांडू नका मात्र.

आणि त्या शुक्रवारच्या ब्लाउजचं पुढं काय झालं, ते कळवा. कापड उरलं होतं काय?