मणी हरवला की आधी काय बिघडतं?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले की फँटसी कादंबरीत "हा स्फटिक फुटला तर सृष्टी संपेल" असं वाक्य आलं की मला हमखास झोप येते. झालं, पत्रं सुरू. ठाण्यात आणि नवी मुंबईत इतकी लोकं गुपचूप फँटसी लिहितायत हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यातले थोडेच प्रश्न घेतेय, जागा तेवढीच आहे, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, मी कोपरखैरण्याला राहतो, सेकंड इयरला आहे. माझ्या कादंबरीत डोंगराच्या पोटात एक निळा मणी आहे आणि त्याच्यामुळे सगळं जग टिकून आहे. व्हिलन तो फोडायला निघालाय. मित्राला पहिले सहा चॅप्टर दिले तर तो म्हणाला, फुटला तर फुटू दे ना, आपल्याला काय. माझं काय चुकतंय?

मित्र सोन्यासारखा आहे, त्याला सोडू नकोस. तुझं चुकतंय एवढंच की सहा चॅप्टर झाले तरी तुझा मणी नुसता बसलाय. चमकतोय, गूढ आवाज काढतोय, पण काम शून्य. आणि जी वस्तू रोज काही करत नाही ती गेली काय न् राहिली काय.

तू राहतोस तिथलंच उदाहरण देते. नवी मुंबईचा बराच भाग भरणी करून उभा केलाय आणि काही ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे खाडी वर आणि आपण खाली. मग जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, नोडानोडात (म्हणजे वसाहतीवसाहतीत) होल्डिंग पाँड ठेवले, नाल्यांचं पाणी आधी त्यात जमतं, आणि खाडीच्या तोंडाशी फ्लॅप गेट, म्हणजे वरून बिजागरीवर लटकवलेलं झाकण. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ते बाहेर उघडतं आणि तळ्यातलं पाणी खाडीत जातं, भरती आली की खाडीचं पाणी त्याला बाहेरून दाबून बंद करतं. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी. ना मंत्र ना चौकीदार. लोक त्याच तळ्याच्या कडेने सकाळी वॉकला जातात, कोणाच्या डोक्यातही येत नाही की आपला तळमजला कोरडा आहे तो या झाकणामुळे.

आता बघ, हे असं झाकण बिघडतं तेव्हा काय होतं? प्रलय नाही होत. आधी भरतीचं पाणी आत येऊन तळ्यात गाळ साठतो, मग गाळावर तिवरं उगवतात, तिवरं तोडायची तर परवानगी लागते, तळं उथळ होत जातं, आणि मग एका जुलैत भरतीच्या वेळी कुठल्यातरी सेक्टरच्या कोपऱ्यावर गुडघाभर पाणी दिसतं, आणि एक काका म्हणतात, पूर्वी इथे पाणी तुंबायचं नाही हो. कादंबरी त्या काकांपासून सुरू कर. मणी चॅप्टर सातला दाखव.

हे सगळं सिडकोच्या आधीपासून आहे म्हणा. खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवणारे लोक बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचे आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची दारं, ठेवायचे, तत्त्व तेच. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं की शेत पुढची काही वर्षं पिकायचं नाही. अशा बांधाचं गाव लिहायला घेतलंस तर पहिली खूण म्हणून आकाश लाल करू नकोस. विहिरीचं पाणी मचूळ लागतंय असं एखाद्या बाईला वाटू दे, आणि घरातले तिला सांगू देत की तुझ्या तोंडालाच चव नाही. बांधाची निगा राखायलाही माणसं लागायची, खर्च लागायचा. तुझ्या मण्याची निगा कोण राखतं? त्याला काय मिळतं? आणि तो एक दिवस कंटाळला तर? ही तीन उत्तरं मिळाली की व्हिलनची गरज उरते का ते बघ, मला तरी वाटत नाही उरेल.

सर किंवा मॅडम, प्रत्येक कथेत वस्तूचे पाच किंवा सात तुकडे करून जगभर का विखुरतात? (ऐरोली)

मॅडम. कारण तुकडे शोधत फिरलं की आपोआप जाडजूड पुस्तक तयार होतं, आणि व्हिडिओ गेममधे तर लेव्हल्सच होतात. गंमत म्हणजे जुन्या गोष्टी बरोबर उलटं करायच्या, विखरायच्या नाहीत, एकात एक कोंबायच्या. आपल्या राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात. रशियन लोककथेतल्या कोश्चेईचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी बेटावरच्या ओकच्या झाडाखाली. विखुरलेले तुकडे शोधायला नकाशा पुरतो. कोंबलेल्या वस्तूपर्यंत जायला आधी कोणीतरी गुपित फोडावं लागतं, बहुतेक वेळा राक्षसाने डांबून ठेवलेली राजकन्याच गोड बोलून ते काढून घेते. मला तीच जास्त आवडते.

मी नौपाड्यातली सत्तरी ओलांडलेली वाचक. नातवंडं अंगठ्या आणि तलवारींच्या गोष्टी सांगतात. आपल्याकडे असं काही नाहीच का गं, की सगळं तिकडूनच आणायचं?

काकू, तुम्ही गणेश चतुर्थीला चंद्र बघायचा टाळता ना? त्याच्याच मागे बसलीये ती गोष्ट. चुकून चंद्र दिसला तर स्यमंतक मण्याची कथा ऐकायची असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण कृष्णावरचा चोरीचा आळ आणि जांबवंताशी अठ्ठावीस दिवसांची कुस्ती इथेच आपण थांबतो. खरी मजा पुढे आहे.

हा मणी रोज आठ भार सोनं द्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून मोठं काम वेगळंच होतं, तो जिथे नीट सांभाळला जाई तिथे दुष्काळ, रोगराई, सापाचं भय नाही. म्हणजे अख्ख्या राज्याची तब्येत एका दगडाला बांधलेली. आणि अट काय, तर बाळगणारा शुद्ध हवा, नाहीतर मणी त्यालाच खातो. मण्याचा मालक सत्राजित, त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि सिंहाने मारला.

पुढे सत्राजिताचा खून होतो, मणी फिरत फिरत अक्रूराकडे येतो, आणि अक्रूर तो लपवून द्वारका सोडून जातो. इथे विष्णुपुराण एकदम डिटेक्टिव्ह कादंबरी होतं. द्वारकेत अवर्षण पडतं, साथी येतात, साप निघतात. म्हातारी मंडळी म्हणतात, अक्रूर गेला म्हणून झालं हे, त्याचा बाप श्वफल्क जिथे राही तिथे कधी दुष्काळ नसे, गुण रक्तातच आहे. म्हणजे राज्य माणसामुळे टिकलं होतं की वस्तूमुळे, यावर वाद. अक्रूराला समजूत घालून परत आणतात आणि सगळं ठीक होतं. पण कृष्णाला काही ते पटत नाही. एवढी संकटं नुसत्या एका माणसाच्या जाण्याने येणार नाहीत, शिवाय हा यज्ञामागून यज्ञ करत सुटलाय, फार पैसा नसताना, खर्च येतो कुठून? तो भर सभेत अक्रूराला हसत हसत सांगतो की मणी तुझ्याकडे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, असू दे, एकदा फक्त दाखव.

मणी बाहेर येतो आणि सगळ्यांनाच तो हवासा वाटतो. बलराम म्हणतो माझा, सत्यभामा म्हणते माझ्या वडिलांचा. तेव्हा कृष्ण काय म्हणतो ऐका, हा ब्रह्मचर्य पाळणाऱ्यानेच ठेवावा, मला सोळा हजार बायका, मी बाद, सत्यभामेला तरी ते कसं जमावं, आणि बलरामदादाला मदिरा सोडावी लागेल. अक्रूरा, तूच ठेव, राज्याच्या भल्यासाठी. ज्याने लपवला त्याच्याचकडे, पण आता उघड! नातवंडांच्या अंगठीवाल्या गोष्टीत अंगठी चांगल्या माणसालाही नासवते म्हणून ती नष्टच करावी लागते, इथे वस्तू वाईट नाहीये, फक्त ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असायला हवं. सोसायटीच्या फंडासारखं. (आमच्या सोसायटीबद्दल मी काही बोलत नाही.)

माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, पृथ्वी शेषाच्या डोक्यावर, मग शेष कशावर? (घोडबंदर रोड)

त्याला सांगा काहीजण खाली कासवही सांगतात. मग तो विचारेल कासव कशावर, तेव्हा सांगा पाण्यावर, आणि मग झोपायची वेळ झाली असं म्हणा. पुराणांनाही कुठेतरी थांबावं लागलंच.

ताई, शेवटी वस्तू मोडायची की वाचवायची? माझी कादंबरी दोन वर्षं इथेच अडकलीये. (कळवा)

तिसराही एक रस्ता आहे. फिनलंडच्या कालेवालात, म्हणजे लोकगीतं गोळा करून लोनरोटने 1835 मधे जे महाकाव्य छापलं त्यात, साम्पो नावाची जादूची चक्की आहे, एका बाजूने पीठ, दुसऱ्या बाजूने मीठ, तिसऱ्या बाजूने पैसा. तिच्यासाठी भर समुद्रात मारामारी होते, चक्की फुटते आणि बुडते. पण थोडे तुकडे लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्यावर देशाची सुबत्ता उगवते, पूर्वीएवढी नाही, पण उगवते.

मोडायचीच असेल तर बिल कोणाला येतं ते लिही. टॉल्किनच्या 1954-55 च्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत अंगठी वितळते तेव्हा व्हिलनचा बुरूज कोसळतो कारण त्याचा पायाच तिच्या ताकदीवर रचलेला, तिथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात, पण त्याच क्षणी एल्फ लोकांच्या तीन चांगल्या अंगठ्याही निकामी होतात आणि त्यांनी हजारो वर्षं जपलेली सुंदर रानं विझायला लागतात. जिंकणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. तुझ्या हिरोला माहीत आहे का? दोन वर्षं अडकलायस म्हणजे मला वाटतं तुला माहीत आहे आणि तू त्याला सांगत नाहीयेस. पुढच्या चॅप्टरमधे सांगून टाक, आणि तो नाही म्हणाला तर मला परत लिही.